जिवंत अपत्य नसल्यास

आमच्या समितीत सगळ्यात मोठं भांडण माणसाचा क्लोन करावा की करू नये यावरून झालंच नाही. करू नये, हे पहिल्या दिवशी चहा येण्याआधीच ठरलं. भांडण झालं ते कलम नऊवरून. बंदी असूनही कोणी क्लोन केलाच, आणि मूल जन्माला आलंच, तर त्या मुलाचं करायचं काय?

"गुन्ह्यातून जी वस्तू निर्माण होते तो मुद्देमाल," वकीलसाहेब म्हणाले. "मुद्देमाल जप्त होतो. खटला संपेपर्यंत पोलिसांच्या कोठारात राहतो."

"आणि त्याला दूध कोण पाजणार? हवालदार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी फक्त कायद्यातली पोकळी दाखवतोय."

"तुमची पोकळी भरेपर्यंत ते रांगायला लागेल हो."

अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं ऐकून त्यांचा चेहरा बंद दुकानासारखा झाला होता. "मूल बेकायदेशीर नसतं, कृत्य असतं. पुढे चला," त्या म्हणाल्या. पुढे चालायला समितीला दोन दिवस लागले.

मी हे सगळं लिहून घेत होतो. मी प्रतिवेदक आहे. बैठकीत जो जे बोलेल ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच माझं काम. आम्ही दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावतो. दहा मिनिटं लिहायचं, दिवा लागला की उठायचं आणि शेजारच्या खोलीत जाऊन टंकायला बसायचं. तोवर खुर्चीत दुसरा येऊन बसलेला असतो. त्यामुळे आमच्यापैकी कोणालाच कुठल्या वादाचा शेवट ठाऊक नसतो. एकदा 'आणि म्हणूनच मानवजातीचं भवितव्य' इथपर्यंत मी आलो आणि दिवा लागला. नंतर जोडीदाराला विचारलं, काय रे, भवितव्याचं पुढे काय झालं? तो म्हणाला, "तहकूब."

आमच्या साहेबांना सगळे 'स्वल्पविराम' म्हणतात, कारण ते दर तीन शब्दांनी थांबतात आणि आपण बोलायला तोंड उघडलं की पुढे चालू करतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "जे ऐकू येईल, ते लिहायचं. हसले, तर कंसात हशा. मान हलवली, तर तिचा अर्थ लिहायचा, मान लिहायची नाही. आणि साक्षीदार, नात्यातला निघाला, तर हात वर करून, पाळी सोडायची." शेवटच्या नियमासाठी प्रत्येक पाळीच्या पानाखाली एक ओळ छापलेलीच असते: 'मी साक्षीदाराचा नातेवाईक नाही.' त्याखाली सही करायची. तीन वर्षांत मी ती ओळ कधी वाचली नव्हती. आपण नातेवाईक नसण्याचीच सवय जास्त असते.

आता घरचं सांगतो.

माझ्या आधी एक होता. थोरला. नऊ वर्षांचा असताना रक्ताच्या आजारानं गेला. त्याच्या उपचारासाठी म्हणून डॉक्टरांनी त्याच्या पेशी काढून एका प्रयोगशाळेत गोठवून ठेवल्या होत्या. उपचार यायच्या आत तो गेला, पेशी राहिल्या. दोन वर्षांनी मी झालो, जुन्या पद्धतीनं. थोरल्याचे शर्ट मला आले, थोरल्याचं दप्तर आलं, कप आला. कपाचा कान त्यानंच तोडलेला होता, त्यामुळे मी चहा दोन्ही हातांनी प्यायला शिकलो. थोरला गणितात हुशार होता, पाण्यात माशासारखा पोहायचा, कोणाला उलट बोलायचा नाही. मला सत्तावीसचा पाढा अजून येत नाही, मी एकदा गुडघाभर पाण्यात बुडता बुडता वाचलो, आणि उलट बोलण्याचं म्हणाल तर बाकी काही मला येतच नाही.

वडील होते तोवर ते मधे पडायचे. "अगं, हा वेगळा आहे," म्हणायचे. "दिसतंय ते," आई म्हणायची. मी बारावीत असताना तेही गेले. मग आम्ही दोघं राहिलो. म्हणजे तिघं.

प्रयोगशाळेचं दर वर्षी पत्र यायचं. 'आपला नमुना सुस्थितीत आहे.' आई ते दोनदा वाचायची, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. माझ्या शाळेतूनही पत्रं यायची. सुस्थितीत असल्याचं त्यात कधी नव्हतं.

आणि आता कायद्याचा मसुदा आला होता. त्यातलं कलम चौदा असं: मृत व्यक्तींच्या साठवलेल्या सर्व पेशी कायदा लागू झाल्यापासून नव्वद दिवसांत नष्ट कराव्यात, जेणेकरून कोणाला मोह होऊ नये. ते कलम मीच टंकलं होतं. घरी येऊन काही बोललो नाही. पण पेपरात आलंच. आईनं ती बातमी कापून घेतली आणि बाकीचा पेपर माझ्यासाठी ठेवला. मधे खिडकीएवढं भोक.

समितीनं लोकांची मतं मागवली तेव्हा आईनं अर्ज केला. मला सांगितलं नाही. एका सकाळी अंडी उकडता उकडता तिनं फक्त विचारलं, "तुमच्या ऑफिसात जिने फार आहेत का रे?"

"लिफ्ट आहे. का?"

"काही नाही. सहज."

ऑफिसात गेलो तर त्या दिवशीच्या साक्षीदारांच्या यादीत चौथं नाव आईचं. स्वल्पविरामसाहेब बोट फिरवत म्हणाले, "चौथी साक्ष, अकरा-वीसची पाळी, तुझी. आडनाव, तुझंच दिसतंय."

"या आडनावाची माणसं शहरात ढिगानं आहेत, साहेब."

"ते, खरं," ते म्हणाले.

हात वर करायचा होता. शेजारच्या खोलीत जोडीदार रिकामाच बसला होता, दात कोरत. पण मला ऐकायचं होतं. घरात आई थोरल्याबद्दल भिंतीशी बोलायची, त्याच्या फोटोशी बोलायची. समितीपुढे शपथ घेऊन काय बोलेल याची मला उत्सुकता होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, मी हात न दाखवता तेच केलं.

आईच्या आधी प्राध्यापकांचं टिपण झालं. ते नीतिशास्त्र शिकवायचे आणि त्यांचा आवाज इतका मऊ होता की लिहिताना पेन्सिल घसरायची.

"आक्षेप विज्ञानाला नाही," ते म्हणाले. "कोणाच्या तरी जागी म्हणून मूल जन्माला घालण्याला आहे. असं मूल आयुष्यभर दुसऱ्याचे कपडे घालून वावरतं. ते काय होणार, हे त्याच्या आधीच घरातल्यांना ठाऊक असतं. आणि ते तसं झालं नाही, तर ते अपयशी ठरतं. स्वतःचं असं एकही अपयश त्याला मिळत नाही."

वकीलसाहेब उसळले. "जुळी भावंडं असतातच की! त्यांच्या नावे कोणी निसर्गाला नोटीस धाडली?"

"जुळ्यांत कोणी कोणाचा नमुना नसतो, साहेब. दोघंही आयुष्याबद्दल सारखेच अडाणी असतात. तो त्यांचा हक्क आहे."

"हक्क तर आईबापांनाही आहे. कुठलं मूल हवं हे सरकार ठरवणार? उद्या म्हणाल, लग्नही समितीला विचारून करा."

"आईबाप, आईबाप काय लावलंय!" डॉक्टरीणबाईंनी टेबलावर चष्मा ठेवला. "जनावरांत हे करताना एक जगावं म्हणून ढिगानं गर्भ वाया जातात. जगतं तेही धड असेल याची खात्री नाही. हा हिशेब तुम्ही बाईच्या पोटात मांडणार? तुमच्या हक्काला कळा येत नाहीत, साहेब."

मी सगळं उतरवलं. त्या दिवशी माझ्या अंगात निळा चौकटीचा शर्ट होता. तो मात्र माझा होता, मी स्वतः आणलेला. तरी कॉलर आत ढकलली.

मग आई आली. तिनं ठेवणीतला करडा कोट घातला होता आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, जणू ती समिती पर्स पळवायलाच बसली आहे. शपथ घेतली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्यापासून चार हातांवर, थोडा खाली, नेहमीच्या खुर्चीत.

"आपलं म्हणणं थोडक्यात सांगा, बाई," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"थोडक्यातच आहे. माझ्या मुलाला टाकून देऊ नका."

"मुलाच्या नमुन्याला," वकीलसाहेबांनी दुरुस्ती केली.

"तुम्ही नमुना म्हणा."

प्राध्यापकांनी हळूच विचारलं, "आपल्याला त्याला पुन्हा जन्माला घालायचंय का?"

"मी बासष्ट वर्षांची आहे, साहेब. मला आता काय घालता येतंय?"

मी कंसात हशा लिहिलं.

"तसं नव्हे. समजा विज्ञानानं घातलं. जो येईल तो आपलाच मुलगा असेल, असं वाटतं आपल्याला?"

"नसणार," आई म्हणाली. "ठाऊक आहे मला. एकदा करून पाहिलंय मी."

खोलीतल्या सगळ्या खुर्च्या एकदम कुरकुरल्या. वकीलसाहेब पुढे झुकले. "करून पाहिलंय? कुठल्या प्रयोगशाळेत?"

"घरीच."

"बाई," डॉक्टरीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "हे घरी होत नसतं."

"तेच म्हणतेय मी. नाही झालं."

वकीलसाहेबांना मुद्देमालाचा वास आला असावा, पण नक्की कुठून येतोय ते कळत नव्हतं. अध्यक्षबाईंना मात्र काहीतरी कळलं, निदान त्यांना तसं वाटलं. त्यांचं बंद दुकान किंचित किलकिलं झालं.

"बाई, आपल्याला दुसरं मूल आहे? आज हयात असलेलं?"

आईनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. साक्षीत पहिल्यांदाच.

समोरच्या घड्याळात मी अकरा सेकंद मोजले. आमच्या धंद्यात अकरा सेकंद म्हणजे चोवीस शब्द. ती रागावली नव्हती, घाबरलीही नव्हती. बाजारात आपण कशाला आलो होतो ते विसरल्यावर माणूस जसा पिशवीकडे पाहतो, तशी ती माझ्याकडे पाहत होती.

"कळलं, बाई," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नका बोलू."

माझ्या कागदावर प्रश्न होता आणि त्याखाली 'कळलं, बाई' होतं. मधे काहीतरी हवं. लघुलिपीत सगळ्याला खूण आहे. खोकल्याला आहे, टाळ्यांना आहे, 'इत्यादी'ला तर तीन आहेत. गप्प बसण्याला नाही. साक्षीदारानं खुणेनं उत्तर दिलं तर अर्थ लिहायचा, हा साहेबांचा नियम. आईचं पाहणं ही खूणच होती. मी अर्थ लिहिला.

'नाही.'

दिवा लागला. मी उठलो, शेजारच्या खोलीत गेलो, टंकलं. पानाखालची ओळ त्या दिवशी पहिल्यांदा वाचली आणि सही केली. मनात आलं, एका पानावर आईनं मला नाकारलंय आणि मी आईला. चला, फिटलं.

साक्षीची प्रत साक्षीदाराकडे जाते. दुरुस्तीसाठी सात दिवस. तपकिरी पाकीट घरी आलं तेव्हा मी पावाला लोणी लावत होतो. आईनं भिंग घेतलं, लाल पेन घेतलं आणि टेबलाशी बसली.

"इथं बासष्ट लिहिलंय."

"तूच म्हणालीस."

"त्या दिवशी एकसष्टच होती. पाच दिवस बाकी होते." तिनं बासष्ट खोडून एकसष्ट केलं. पुढच्या पानावर प्रयोगशाळेचा मजला चुकीचा होता, तोही बदलला. चौथ्या पानावर ती थांबली. भिंग त्या एकाच जागी बराच वेळ धरून राहिली. मी लोणी लावत राहिलो. पाव संपला तरी लावत होतो.

तिनं पान उलटलं.

"बरोबर आहे ना सगळं?" मी विचारलं.

"तूच लिहिलंयस ना?"

"हो."

"मग बरोबरच असणार."

पुढचे सहा दिवस पाकीट टेबलावर, लाल पेन त्याच्यावर. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी मी चौथं पान उघडून पाही. सातव्या दिवशी ती म्हणाली, "जाता जाता देऊन टाक तुमच्या ऑफिसात. पोस्टाचा काही भरवसा नाही." मी दिलं. स्वल्पविरामसाहेबांनी पानं चाळली. "एकसष्ट, आणि मजला. बाकी, कौतुक आहे, एक चूक नाही."

अहवाल तीन महिन्यांनी निघाला. बंदी पूर्ण: करणाऱ्याला शिक्षा, करवून घेणाऱ्याला शिक्षा, आणि कलम नऊमध्ये 'असे मूल सर्व बाबतींत इतर मुलांसारखेच मूल समजावे,' जे लिहायला समितीला दोन दिवस आणि सतरा मसुदे लागले होते. कलम चौदाला मात्र एक शेपूट फुटलं होतं. जिवंत अपत्य नसल्यास, अशा पालकाला आपल्या मृत मुलाचा नमुना हयातभर जपून ठेवता येईल. वापरता येणार नाही, फक्त ठेवता येईल. आणि त्याखाली कारण म्हणून पान दोनशे बारावर आईची साक्ष अवतरणात. अध्यक्षबाईंनी लिहिलं होतं की त्या एका शब्दापुढे समितीचे सर्व युक्तिवाद थिटे पडले. प्राध्यापकांनी भिन्नमत नोंदवलं होतं, तेही मऊ.

लोक आयुष्यभर आंदोलनं करतात, उपास करतात, तरी कायद्यातला एक विराम हलत नाही. मी बसल्या जागी उपकलम केलं. आणि त्या उपकलमाची अट मी होतो. म्हणजे माझं नसणं.

सवलतीसाठी आईनं अर्ज भरला. मग पत्र आलं: घरी येऊन प्रत्यक्ष पाहणी होईल. जन्मनोंदी काढून बघितल्या असत्या तर पाच मिनिटांत आमचं पितळ उघडं पडलं असतं. पण वकीलसाहेबांनी खासगीपणाचं एक कलम घुसवलं होतं. एका खात्यानं दुसऱ्या खात्याचं दप्तर उघडायचं नाही. त्यामुळे सरकारनं मी आहे की नाही हे बघायला माणूस पाठवायचं ठरवलं.

"भाडेकरू म्हणू या," आई म्हणाली.

"कोणाला?"

"कोणाला काय? तुला."

"मग तुला काय म्हणू?"

तिनं विचार केला. "काकू म्हण. भाडेकरू काकूच म्हणतात."

तालीम केली. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. दुसऱ्या दिवसापासून सोपं गेलं, आणि सोपं जातंय हेच जास्त विचित्र वाटलं. काकूंना मी उलट बोलत नसे. काकूही मला 'चहा घेणार का?' असं विचारायच्या, जे आईनं कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघंही फार चांगले वागत होतो. त्या आठवड्यात घरात एकदाही भांडण झालं नाही.

शनिवारी सकाळी मी माझ्या खुणा आवरल्या. सात मिनिटं लागली. भिंतीवर थोरल्याचे अकरा फोटो. माझा एकच, त्यातही मी अर्धा, उरलेला अर्धा बस थांब्याच्या खांबामागे. तो काढला तर भिंतीवर डागसुद्धा उमटला नव्हता.

अकराला तपासनीस आला. पन्नाशीचा, दमलेला माणूस, नाक सर्दीनं लाल. रुमाल एका हातात, फॉर्म दुसऱ्या. शिंक आली की दोन्हींची अदलाबदल व्हायची आणि फॉर्मवर नाक पुसायच्या बेतात तो थांबायचा.

"एकट्याच राहता, बाई?"

"हे भाडेकरू आहेत. मागच्या खोलीत असतात."

"नमस्कार," मी म्हणालो.

त्यानं न्हाणीघर पाहिलं. "ब्रश दोन."

"एक यांचा."

"न्हाणीघर एकच?" त्यानं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "गैरसोय होत असेल हो."

"काकू लवकर उठतात," मी म्हणालो.

त्यानं थोरल्याचे फोटो पाहिले, एकेक करून, हात मागे बांधून. शेवटच्या फोटोपाशी शिंक आली ती त्यानं दाबली. मग टेबलाशी बसून फॉर्म भरायला लागला. अर्जदाराचं वय, मुलाचं मरणाचं वय, आजार, नमुन्याचा क्रमांक. क्रमांक आईला तोंडपाठ होता, सोळा आकडी. माझ्या वाढदिवसाची तारीख ती अजून एक दिवस पुढे-मागे करते.

"जिवंत अपत्य नाही," तो स्वतःशीच पुटपुटला आणि खूण केली. "आता शेवटचं. तुमच्यानंतर नमुन्याचा ताबा कोणाकडे? रक्ताचं नातं लागतं."

"नसेल तर?"

"तर तुम्ही गेल्यावर तीस दिवसांत नष्ट."

आईनं पर्स उघडली, काही न काढता बंद केली. "म्हणजे मी गेले की तोही."

"तसंच काहीसं, बाई."

"यांचं नाव नाही चालणार?" तिनं माझ्याकडे हात केला.

"भाडेकरूचं?" तपासनीस हसला, मग खोकला. "असं कसं चालेल? भाडेकरू काय, आज आहे, उद्या दुसरीकडे."

"हा नाही जायचा."

"तरी रक्ताचं नाही ना."

तपासनिसानं त्या रकान्यात रेघ मारायला पेन टेकवलं, तेव्हा आई बोलली. आवाज अगदी साधा होता, दूध संपलंय म्हणून सांगावं तसा.

"तो माझा मुलगा आहे."

पेन थांबलं.

"माझा धाकटा," आई म्हणाली. "मीच जन्म दिलाय त्याला. सत्तावीस वर्षं झाली. उन्हाळ्यातला आहे. फार रडायचा. लिहा त्याचं नाव."

तपासनिसानं रुमाल नाकावरून खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला आता फक्त एकच खूण बदलायची होती. जिवंत अपत्य: आहे. की सवलत गेली, आणि सोळा आकडी डबी नव्वद दिवसांत भट्टीत. आईच्या हे ध्यानात होतं की नव्हतं, कोण जाणे. ती माझ्याकडे पाहत नव्हती. थोरल्याकडेही नाही. टेबलाच्या कडेकडे पाहत होती.

हे वाक्य ऐकायला मी बराच थांबलो होतो. थांबताना मी कुठलीही अट घातली नव्हती. रागात म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते आलं ते वारसाच्या रकान्यात. मी तिला मुलगा म्हणून हवा होतो की थोरल्याचा राखणदार म्हणून, हे विचारायला ती वेळ नव्हती. आणि समजा खरंच मुलगा म्हणून हवा होतो, तर त्याच्या बदल्यात तिचा थोरला जाणार होता, दुसऱ्यांदा, माझ्यापायी. त्यानंतर त्या घरात माझ्याकडे ती कशी पाहील हे मला दिसत होतं. अकरा सेकंद वगैरे नाही, रोज.

"काकू असं म्हणतात कधीकधी," मी म्हणालो. "आधीच्या भाडेकरूलाही म्हणायच्या."

तपासनिसानं श्वास सोडला. "अच्छा, अच्छा," तो म्हणाला आणि आवाज खाली आणला, जणू आई दुसऱ्या खोलीत आहे. "आमच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं. टपालवाल्याला मुलगा म्हणायची. मी समोर उभा असायचो."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? टपाल घ्यायचो."

त्यानं रकान्यात रेघ मारली. शेऱ्याच्या जागी काहीतरी लिहिलं आणि आईची सही घेण्यासाठी फॉर्म फिरवला. आईनं भिंग मागितलं नाही. जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. शेरा मला उलटा वाचता येत होता. आमच्या धंद्यात ते येतंच. 'अर्जदार एकाकी. भाडेकरू भला आहे.'

दारात त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांभाळून घ्या हं त्यांना. आजकाल कोण कोणाचं असतं!"

तो जिना उतरून गेला. खालच्या मजल्यावर एकदा शिंकला, मग रस्त्याचं दार वाजलं. मी आत आलो. आई तिथंच बसली होती, फॉर्मची पिवळी प्रत समोर. सवलत मंजूर. थोरला सुस्थितीत राहणार होता, ती असेपर्यंत.

मला वाटलं, ती रडेल, किंवा विचारेल की असं का केलंस. उत्तर मी तयार ठेवलं होतं, विनोदीच होतं. तिनं प्रतीची घडी घातली, नखानं दाबून तिची कड बसवली.

"आधीचा भाडेकरू कोण रे?"

"कोणी नाही गं. तोंडाला आलं ते बोललो."

ती उठली. खुर्ची टेबलाखाली सरकवली, मग माझीही सरकवली.

"तो असता ना," आई म्हणाली, "तर असा मधे बोलला नसता."